घोगरं बदक

रोज सकाळी सहाला बाल्दोमेरो चिरोके उठायचा, कॉफीचं पाणी चुलीवर ठेवायचा आणि मिठाच्या बरणीशेजारची सुरई फळीवरून खाली काढायचा. सुरई साधी नव्हती. दोन पोटं एका नळीनं जोडलेली. एका पोटाला उभं तोंड, दुसऱ्यावर मातीचं बदक बसलेलं. तोंडातून निम्मं पाणी भरायचं आणि सुरई बदकाकडे कलती करायची. पाणी या पोटातून त्या पोटात सरकायचं, तिथली हवा कोंडून वर पळायची आणि बदक शिट्टी घालायचं. लांब, गोल, स्वच्छ शिट्टी. मग बाल्दोमेरो म्हणायचा, "उठलो गं, निमिया," आणि कॉफी प्यायला बसायचा.

निमिया त्याची बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. सुरई तिच्या हातची होती आणि घरात बोलणारं एवढंच काय ते उरलं होतं.

निमियानं ती दहा वर्षांपूर्वी केली, तिच्या आजीला विहीर खणताना सापडलेल्या एका जुन्या साच्यातून. करून झाल्यावर मोठ्या हौसेनं पाणी भरून तिनं ती नवऱ्यापुढे कलती केली होती. बाल्दोमेरोला खोटं बोलता यायचं नाही. तो म्हणाला होता, "दमेकरी म्हातारा जिना चढतोय असं वाटतं." त्यानंतर तीन दिवस त्याला करपलेल्या शेंगा खाव्या लागल्या. पण पुढच्या साली पूर येऊन गेला आणि एके दिवशी निमियानं त्याला हाक मारून पुन्हा सुरई वाजवून दाखवली. आवाज काचेसारखा झाला होता.

"हे गं कसं?" त्यानं विचारलं होतं.

"माती मुरली," निमिया म्हणाली होती. "पुराच्या हवेत ओल धरली ना. मातीला वेळ द्यावा लागतो. माणसांना तेवढा धीर नसतो."

बाल्दोमेरोनं हे अख्ख्या अरेनाल गावाला सांगितलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दिमास मास्तरांनी तर ते वहीत टिपून घेतलं आणि दर वर्षी मुलांना शिकवलं.

या सुरईची थोरली बहीण गावच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत होती. दीड हजार वर्षांपूर्वीची, निमियाच्या माहेरच्या टेकाडाखाली थडग्यात सापडलेली, तशीच जोडपोटाची, तसंच बदक. उत्तरेच्या या वाळूत अशा वस्तू निघतात, पण इतकी धड निघालेली दुसरी नव्हती. तिच्यासमोरच्या खुर्चीत बाल्दोमेरो सव्वीस वर्षं पहारेकरी म्हणून बसत होता. 'हात लावू नये' ही पाटी त्यानंच रंगवली होती. हात लावणाऱ्या माणसाला तो एवढंच म्हणायचा, "काका, ही दीड हजार वर्षं टिकलीय, तुमच्या हातून जाऊ नये." निमिया रविवारी त्याचं जेवण घेऊन यायची तेव्हा हे वाक्य ऐकून तिला दर वेळी खोकला यायचा. ती तोंडाला शालीचं टोक लावून बाहेर जायची. बाल्दोमेरोला वाटायचं, भट्टीचा धूर छातीत बसलाय.

तर ही थोरली सुरई आता तीन वर्षांसाठी राजधानीत, लिमाला, प्रदर्शनाला जाणार होती. गुरुवारी दुपारी बाराला तज्ज्ञ येऊन घेऊन जाणार असं पत्र होतं. संग्रहालयाच्या संचालिका ओतिलियाबाई आठ दिवस आधीपासून फरशी पुसून घेत होत्या. त्यात दिमास मास्तर आले. त्यांचा विज्ञान सप्ताह चालू होता. त्यांना मुलांना हवेचा दाब दाखवायचा होता आणि इतिहासही दाखवायचा होता, आणि दोन्ही एका खर्चात.

"पेटी उघडायचीच आहे ना बाई," मास्तर म्हणाले. "मग सकाळी तासभर आधी उघडा. थोरली नुसती टेबलावर ठेवायची, तिला कुणी हात लावणार नाही. प्रयोग बाल्दोमेरोंच्या सुरईवर. मुलं आयुष्यभर विसरणार नाहीत."

ओतिलियाबाई तयार झाल्या. बाल्दोमेरोला मात्र सुरई घराबाहेर न्यायची नव्हती. त्यानं दोन दिवस विचार केला. मग निमिया नाही कशाला म्हणाली असती, असं मनाशी म्हणत तो तयार झाला. पण अट घातली की सुरई तो स्वतः आणेल, स्वतः वाजवेल आणि स्वतः घरी नेईल.

गुरुवारी सकाळी साडेनऊला चौतीस मुलं रांगेनं आली. टेबलावर हिरवं कापड घातलं होतं. डावीकडे निमियाची, उजवीकडे थोरली. दोन्ही इतक्या सारख्या की मुलं आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिली. मास्तरांनी हवेला वजन असतं, जागा लागते, कोंडली की वाट शोधते, हे सांगितलं. बाल्दोमेरोनं डावीकडच्या सुरईत पाणी भरलं, तिला कलतं करायला हात पुढे केला आणि भोंगा वाजला.

त्या दिवशी सगळ्या देशात भूकंपाची कवायत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी रेडिओवर तीनदा सांगितलं होतं. पण सुरयांच्या नादात ती बरोबर दहाला आहे हे सगळेच विसरले होते. या किनाऱ्यावर जमीन अधूनमधून खरंच हलते, त्यामुळे भोंगा वाजल्यावर कुणी विचार करत बसत नाही. हातात असेल ते तिथंच सोडायचं, पळायचं नाही, बोलायचं नाही, अंगणात रंगवलेल्या वर्तुळात जाऊन उभं राहायचं. चौतीस मुलं, मास्तर, ओतिलियाबाई आणि बाल्दोमेरो मुकाट बाहेर जाऊन वर्तुळात उभे राहिले.

आत राहिला फक्त कास्तुलो. कास्तुलो हा संग्रहालयाचा झाडूवाला आणि बाल्दोमेरोचा कोम्पाद्रे. म्हणजे त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला बाल्दोमेरो धर्मपिता होता आणि त्या दिवसापासून दोघं सख्ख्या भावांपेक्षा जवळचे होते. कवायतीत कास्तुलोकडे 'वारसा बचाव पथक' हे काम होतं. पथकात तो एकटाच होता. ओतिलियाबाईंनी मागच्या वर्षी त्याला नारिंगी बंडी देऊन सांगितलं होतं की भूकंपात सर्वात मौल्यवान वस्तू आधी बाहेर काढायची. मागच्या वर्षी पेटीला कुलूप होतं, म्हणून तो नुसता बंडी घालून पेटीशेजारी उभा राहिला होता. या वर्षी पेटी उघडी होती.

दहा मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला, सगळे आत आले आणि टेबलावर फक्त हिरवं कापड होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून नारिंगी बंडी घातलेला कास्तुलो आला. दोन्ही काखांत एकेक सुरई होती, चेहऱ्यावर समाधान होतं आणि विजारीचे गुडघे ओले होते.

"दोन्ही वाचवल्या, बाई," तो म्हणाला. "चाळीस सेकंदांत. मागच्या अंगणात सावलीत नेऊन ठेवल्या."

"ओल्या का आहेत?" ओतिलियाबाईंनी विचारलं.

"एकीतून पाणी गळत होतं. मला वाटलं, भूकंपात तडा गेला. म्हणून ओतून टाकलं आणि धुतली."

"एकच धुतली ना?"

"दुसरीत किती धूळ होती, बाई. राजधानीला जायची म्हणता आणि आतून अशी. तीही धुतली नळाखाली. चांगली खळखळून."

ओतिलियाबाई पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसल्या. सव्वीस वर्षांत त्या खुर्चीत बाल्दोमेरोशिवाय कुणी बसलं नव्हतं, पण उठा म्हणायची ती वेळ नव्हती. बाल्दोमेरो पुढे झाला आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "कोम्पाद्रे, यातली माझी कुठली?"

कास्तुलोनं उजवीकडे बघितलं. मग डावीकडे बघितलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"तूच सांग की," तो म्हणाला. "बायको तुझी."

बाल्दोमेरोनं सुरया टेबलावर ठेवल्या आणि बराच वेळ बघितल्या. त्याला सांगता येत नव्हतं. साचा एकच, माती एकाच टेकाडाची, बदकाच्या मानेचा बाकसुद्धा एकच. बाराला तज्ज्ञ येणार. त्यानं चुकीची सुरई उचलली तर निमिया लिमाला जाणार, तीन वर्षांसाठी, एका अंधाऱ्या कपाटात, आणि उद्या सकाळी सहाला घरात कुणी बोलणार नाही. शिवाय देशाचा ठेवा त्याच्या फळीवर मिठाशेजारी सापडला म्हणून तो स्वतः तुरुंगात जाणार, हे ओतिलियाबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं.

"बुडावर संग्रहालयाचा क्रमांक असेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"पुरात गेला," ओतिलियाबाई म्हणाल्या. "तेव्हापासून पेटीच्या काचेवर कागद चिकटवलाय."

त्या साली संग्रहालयात कमरेएवढा चिखल आला होता. बाल्दोमेरोचं घर उंचावर, म्हणून सगळ्या वस्तू अकरा दिवस त्याच्याच खाटेवर होत्या आणि नवराबायको जमिनीवर झोपले होते. निमियानं एकेक वस्तू पुसून परत दिली होती. एकही गेली नाही की फुटली नाही. त्याबद्दल तिला पालिकेनं शाबासकीचा कागद दिला होता.

"खूण," कास्तुलो म्हणाला. "बायका खूण करतात की."

हे खरं होतं. अरेनालमध्ये सगळ्या बायका एकाच मोठ्या खड्ड्यात भांडी भाजतात, आणि कुणाचं कुठलं हे भाजल्यावर कळावं म्हणून प्रत्येक घराची बुडावर एक खूण असते. निमियाची खूण तीन नखांची होती. सुरया उलट्या केल्या. दोन्हींच्या बुडावर तीन नखं होती.

"असं कसं?" ओतिलियाबाई म्हणाल्या.

"तिची खूण तिच्या आईकडून आली होती," बाल्दोमेरो म्हणाला. "आईची आजीकडून. निमिया म्हणायची, पेटीतलीही आमच्याच घरातल्या कुणा बाईनं केलीय. मी हसायचो."

एव्हाना दिमास मास्तरांचा चेहरा उजळला होता. इतकी वर्षं ते ज्याचं उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं आहे असे प्रयोग करून घेत आले होते. आज पहिल्यांदा खरा प्रश्न समोर आला होता आणि चौतीस मुलं वह्या घेऊन हजर होती. त्यांनी एका सुरईच्या मानेला लाल दोरा बांधला, दुसरीला निळा. फळ्यावर दोन रकाने आखले. मग कास्तुलोला बाजारात पिटाळून मासेवालीचा काटा आणवला.

लाल नऊ ग्रॅमनं जड निघाली. म्हणजे काय, हे मास्तरांनी मुलांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, लाल जुनी, कारण वयानं माणूस जड होतो. तिची आत्या झाली. दुसरी म्हणाली, निळी जुनी, कारण वयानं माणूस वाळतो. तिचे आजोबा वाळले. मास्तरांनी दोन्ही मतं रकान्यांत लिहिली. मग बादलीत बुडवून किती पाणी बाहेर सांडतं ते मोजायचं ठरलं. ओतिलियाबाई नको म्हणायला उठल्या, पण दोन्ही आधीच खळखळून धुतल्या आहेत हे आठवून पुन्हा बसल्या. पाणी दोन्हींना सारखंच सांडलं.

साडेअकरा झाले. बाल्दोमेरोला एक गोष्ट आठवली.

"निमिया जिभेनं ओळखायची," तो म्हणाला. "बाजारात कुणी जुनं म्हणून भांडं विकायला आणलं की ती चाटून बघायची. जुनी माती जिभेला चिकटते. नवी निसटते."

ओतिलियाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या विद्यापीठात पाच वर्षं शिकल्या होत्या आणि तिथं हे कुणी शिकवलं नव्हतं. पण घड्याळ समोरच होतं. त्यांनी लाल सुरई दोन्ही हातांत घेतली, मुलांकडे पाठ केली आणि चाटली. चिकटली. मग निळी चाटली. तीही चिकटली. निळी जरा कमी चिकटली असं त्यांना वाटलं, पण खात्री होईना, म्हणून त्यांनी मास्तरांना चाटायला दिली. मास्तर म्हणाले, लाल खारट आहे. बाल्दोमेरो म्हणाला, दोन्ही खारट आहेत, टेकाडाची मातीच खारट. कास्तुलोनं न विचारता चाटली आणि म्हणाला की निळीला साबणाची चव आहे, पण तो त्याचा साबण असेल. मग मास्तर म्हणाले, नमुना लहान आहे, जास्त जिभा हव्यात, आणि चौतीस मुलं शिस्तीत रांगेनं उभी राहिली.

बाविसावी जीभ चालू असताना दारात सावली पडली. राजधानीतून आलेले डॉक्टर मोंताल्वान वीस मिनिटं आधी पोचले होते. उंच, बारीक माणूस, हातात पांढरे हातमोजे. त्यांनी मुलांची रांग बघितली. रांगेच्या टोकाला काय आहे ते बघितलं. खात्री करायला पुन्हा एकदा चाटून बघणाऱ्या संचालिका बघितल्या.

ओतिलियाबाईंची जीभ अजून बाहेरच होती. ती चिकटली होती.

"चव बघतोय, डॉक्टर," कास्तुलो म्हणाला.

पुढचं सगळं ओतिलियाबाईंनी सांगितलं, आणि काही लपवलं नाही. डॉक्टर ऐकत असताना आधी लाल झाले, मग पांढरे झाले. 'नळाखाली' हा शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग हातमोजे चढवून ते म्हणाले की घाबरायचं कारण नाही. या सुरईवर तीन वर्षांपूर्वी त्यांनीच साठ पानांचा अहवाल लिहिला आहे, तिला ते झोपेतही ओळखतील. भिंग काढून ते खाली वाकले. दहा मिनिटांनी निळीकडे बोट करून म्हणाले, "ही." मग लाल पुन्हा बघितली आणि म्हणाले, "नाही, ही." मग खुर्ची मागितली.

"वाजवून बघू," बाल्दोमेरो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"माझ्या हे आधीच ध्यानात यायला हवं होतं. रोज सकाळी ऐकतो मी तिला. चौदा महिने. हजार बदकं वाजवलीत तरी माझ्या बायकोचं मी ओळखीन."

डॉक्टरांनी प्राचीन वस्तूत पाणी भरण्यावर पंधरा मिनिटं बोलता येईल असं तोंड केलं, पण दोन्ही सुरयांतून अजून नळाचं पाणी ठिबकत होतं. त्यांनी मान हलवली. बाल्दोमेरोनं आधी निळी भरली. कलती केली. बदकातून घुरघुर निघाली, मध्येच अडली, पुन्हा घुरघुरली. मुलं हसली. मग त्यानं लाल भरली आणि कलती केली. लांब, गोल, स्वच्छ शिट्टी सगळ्या दालनात फिरली. बाल्दोमेरोचे डोळे भरून आले.

"लाल माझी," तो म्हणाला. "ही निमिया. आणि त्या घोगऱ्या म्हातारीला घेऊन जा लिमाला. दीड हजार वर्षांनी माणसाचा आवाज बसणारच. निमियाच्या हातून असं काम कधी झालं नसतं."

डॉक्टरांना हे तात्काळ पटलं. इतक्या शतकांच्या शुष्कतेनं शिट्टीची वाट आकसते, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितलं आणि मास्तरांनी टिपून घेतलं. ओतिलियाबाईंनी छातीवर क्रूस काढला. निळीसाठी कापूस आणि पेटी आली. बाल्दोमेरोनं लाल सुरई शालीत गुंडाळली. सगळं संपलंच होतं. फक्त एक नियम होता: वस्तू हलवण्याआधी आतून तपासायची. डॉक्टरांनी गाडीतून एक बारीक नळी मागवली, तिच्या टोकाला दिवा आणि छोटा कॅमेरा होता. नळी निळीच्या तोंडातून आत गेली, जोडनळीतून वळली, वर बदकाखाली पोचली. पडद्यावर शिट्टीची वाट दिसली. वाटेत काहीतरी चमकत होतं.

डॉक्टर जवळ सरकले. सगळेच जवळ सरकले.

"पितळ," डॉक्टर म्हणाले. "पण त्या काळच्या लोकांकडे पितळ नव्हतं." त्यांनी चित्र मोठं केलं. मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "हे बॉलपेनचं टोक आहे."

बाल्दोमेरोनं ते ओळखलं. निमिया हवेची वाट करायला ओल्या मातीत पेनाची जुनी कांडी घालायची. भट्टीत कांडी जळायची आणि वाट मोकळी राहायची. टोक आधी काढून घ्यायचं असतं. संग्रहालयाच्या वहीची पेनं नेहमी गायब व्हायची आणि ओतिलियाबाई पाहुण्यांवर संशय घ्यायच्या.

"म्हणजे काका, तुमचा कान चुकला," मास्तर हळूच म्हणाले. "निळी तुमची."

बाल्दोमेरोला कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं होतं. चौदा महिने रोज ऐकलेला आवाज आपल्याला ओळखता आला नाही, याहून वाईट काय असणार होतं? पण त्याहून वाईट पुढे होतं. डॉक्टरांनी शाल सोडवून नळी लाल सुरईत घातली. पडद्यावर आतली भिंत दिसली. तिच्यावर निम्म्या उंचीला एक जाड पांढरी रेघ होती, गोल फिरलेली, जुन्या किटलीत असते तशी.

"ही क्षाराची रेघ," डॉक्टर म्हणाले. "पाण्याची. इथल्या विहिरीच्या. यात कुणीतरी रोज निम्मं पाणी भरतंय. वर्षानुवर्षं."

"मी," बाल्दोमेरो म्हणाला. "आधी ती. मग मी."

"म्हणजे घरी होती ती हीच. लाल."

"तेच मी सांगत होतो. माझा कान चुकला नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. क्षारांच्या खाली मातीत बारीक बोटांचे ठसे होते आणि त्यांत बारीक मुळं रुतून काळी पडली होती, थडग्यातल्या भांड्यांत असतात तशी. "तुमचा कान चुकला नाही. पण ही दीड हजार वर्षांपूर्वीची आहे."

बाल्दोमेरो खाली बसला, फरशीवरच. अकरा दिवस सगळ्या वस्तू खाटेवर. ती एकेक पुसत होती. क्रमांकही तिनंच पुसला. तिला स्वतःचं घोगरं बदक सहन होत नव्हतं, आणि असं बदक ठेवायला जगात एकच सुरक्षित जागा होती, जिथं त्याला कुणी कधी वाजवून बघणार नाही. आणि तसं कुणी करू नये म्हणून समोर नवरा बसवलेला होता. माती मुरली म्हणे. तो रविवारचा खोकला. तोंडाला लावलेलं शालीचं टोक. नऊ वर्षं त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला बायकोच्या सुरईपासून दूर ठेवलं होतं, आणि दीड हजार वर्षांची सुरई मिठाशेजारी.

"म्हणजे चौदा महिने," तो म्हणाला, "मी रोज सकाळी कुठल्या परक्या बाईला उठलो म्हणून सांगत होतो?"

कास्तुलो त्याच्या शेजारी बसला.

"परकी कुठली, कोम्पाद्रे," तो म्हणाला. "तीन नखं. सासुरवाडीचीच आहे. सासूच्या आजीची आजी वगैरे असेल."

बाल्दोमेरो हसला की रडला हे कुणाला नीट कळलं नाही. ओतिलियाबाईंनी मुलांना बाहेर वर्तुळात पाठवलं.

मग मोठी माणसं कागद घेऊन बसली. डॉक्टरांनी कडक भाषेत बोलायला सुरुवात केली: गुन्हा, पोलीस, चौकशी. ओतिलियाबाई ऐकत होत्या. त्यांनी कपाटातून साठ पानांचा अहवाल काढला आणि शांतपणे वाचून दाखवला. 'काचपेटीतील सुरई निःसंशय प्राचीन असून आधुनिक कारागिराला असे कौशल्य साधणे अशक्य आहे.' खाली सही होती. डॉक्टरांनी स्वतःची सही थोडा वेळ बघितली. मग नोंदीचा कागद मागवला आणि लाल सुरईपुढे लिहिलं: 'स्थिती उत्तम. आतील क्षार जुने.'

"हे खोटं नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं जुने आहेतच."

लाल सुरई कापसात गेली. झाकण लावायच्या आधी बाल्दोमेरोनं बदकाच्या पाठीवरून हात फिरवला. चौदा महिने तिनं ऐकून घेतलं होतं, त्याला तिचं काही वाईट वाटत नव्हतं. मग निळी त्याच्या हातात देऊन ओतिलियाबाई म्हणाल्या, घरी न्या, ही तुमची. बाल्दोमेरो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"पेटी रिकामी राहील," तो म्हणाला. "आणि निमियानं तिला जिथं ठेवायचं तिथंच ठेवलं होतं."

ओतिलियाबाईंनी नवी चिठ्ठी लिहिली, माहेरच्या आडनावानं: 'निमिया सेर्नाके, अरेनाल.' सालही घातलं, या वेळी खरं.

आता बाल्दोमेरो कॉफी घरी पीत नाही. सातला संग्रहालय उघडतो, स्वतः रंगवलेली पाटी उलटी करतो, पेटीचं कुलूप काढतो आणि सुरईत निम्मं पाणी भरतो. बदक घुरघुरतं, अडतं, पुन्हा घुरघुरतं. तो म्हणतो, "आलो गं," आणि पाटी सरळ करून खुर्चीत बसतो.

पुढच्या विज्ञान सप्ताहाला दिमास मास्तर नवी मुलं घेऊन आले. बाल्दोमेरोनं सुरई वाजवून दाखवली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं नाक मुरडलं आणि विचारलं, हिचा आवाज असा का.

बाल्दोमेरोला खोटं बोलता यायचं नाही. पण एक वाक्य त्याला बायकोनं शिकवलं होतं.

"माती अजून मुरायचीय," तो म्हणाला, आणि मास्तर खोकत बाहेर गेले.